नव्वद मिलिमीटर

पहिला जोड कॅम्पातल्या भंगारवाल्याकडं मिळाला.
कुठल्याशा मेजरसाहेबाच्या बायकोनं टाकलेला,
मरून रंग, एका पट्ट्याचं बक्कल गेलेलं.
अठरा रुपये. "मंडळीसाठी," म्हटलं मी.
लग्नाला अजून तीन वर्षं होती.

अनगोळच्या भाड्याच्या खोलीत, दिवा घालवून,
भिंत धरून चाललो.
माझी टाच मागं दोन बोटं लोंबत होती.
पोटरीत तेव्हा जे ताणलं गेलं
ते अजून सैल पडलेलं नाही.

उद्यमबागेत मी लेथवर. क्रँकशाफ्ट.
तिथं केसाएवढी चूक चालत नाही.
म्हणून व्हर्नियर लावून मोजली: नव्वद मिलिमीटर.
तेवढ्यानं खोली बदलते.
कपाटावरची धूळ दिसते,
कॅलेंडरचा खिळा डोळ्यांसमोर येतो,
आणि मी, जो सगळीकडं धडपडत पोचतो,
सावकाश वळतो.

कुणी विचारलं असतं, बाई व्हायचंय काय तुला,
तर नाही म्हटलं असतं. खरंच नाही.
मिशी तेव्हाही होती, आजही रोज कातरतो.
मग कशाला?
ते मला धड सांगता येत नाही.
काम बरोबर बसलं की टूलचा आवाज बदलतो,
किरकिर जाते, गुणगुण राहते.
तसं काहीतरी.

माझ्या मापाचा जोड बाजारात नव्हता.
अथणीला गेलो, सत्याप्पाकडं.
बापजाद्यापासून चपला करणारा हात,
उंच टाच त्यानं कधी केली नव्हती.
कागदावर पाय ठेवायला लावला, पेन्सिल फिरवली,
वर न बघता म्हणाला, "बाईंचा पाय थोराड हाय की."
"होय."
"नाटकात असतात?"
"नाही."
पुढं काही बोलला नाही.
शिलाई मात्र दोन पदर जास्त घातली.
"वजन हाय बाईंना," म्हणाला.
टाचेचा गाभा मीच रात्रपाळीत कातला होता,
ॲल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यातून.

रत्नप्रभा भिंतीकडं तोंड करून झोपायची.
शहाबादी फरशीवर टक, टक,
आणि तिचा श्वास जागा.
नऊ वर्षं.
मग खालच्या हुक्केरी अक्कानं जिन्यात गाठलं तिला,
"एन सप्पळ री, रात्री?"
त्याच संध्याकाळी खडेबाजारातून आली,
भाजीच्या पिशवीतून पेपरची पुडी काढली.
आत रबराच्या दोन टाचपट्ट्या.
"आवाज होऊलाय," एवढंच म्हणाली,
आणि मेथी निवडायला बसली.
मी रडलो नाही. पट्ट्या ठोकल्या.
एक जरा तिरकी बसली, ती तशीच आहे.

आता गुडघे बोलतात.
डॉक्टरनं पोटरी दाबून बघितली,
"शीर आखडलीय. सपाट चपलेत दुखतं?
असं बायकांचं बघतो मी, उंच सँडलवाल्यांचं."
"तीस वर्षं लेथपुढं उभा आहे," म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
त्यांनी मलम लिहून दिलं.

जोड अजून पत्र्याच्या ट्रंकेत, हत्यारांच्या खाली,
शिवणयंत्राचं तेल पुसलेला.
महिन्यातून एकदा ओट्याला धरून
पाच मिनिटं उभा राहतो.
चालत नाही.

परवा नात दाराच्या चौकटीशी उंची मोजत होती.
तिच्या बापाच्या खुणा, पेन्सिलच्या, साल घालून,
पहिलीपासून दहावीपर्यंत.
त्यांच्या कितीतरी वर एक रेघ.
नाव नाही, साल नाही.
एका रात्री मीच ओढली होती,
डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून.
"आजोबा, हे कुणाचं?
तुमच्यापेक्षा उंच आहे की!"

मी चष्मा शोधायला लागलो.

आतून, फोडणीच्या धुरातून,
रत्नप्रभाचा आवाज आला,
"हाय आपल्यातलंच कुणीतरी.
पुसू नको ते."